मिटत जाणाऱ्या तबकडीचा टायमर: एडीएचडी असलेल्या तिघांच्या घरातील दीड वर्ष

ज्या टायमरविषयी मी लिहीत आहे, तो आमच्या घरी दीड वर्षापासून आहे. या काळात तो चार वेळा हरवला, दोनदा जमिनीवर आपटला, एकदा माझ्या मुलाने त्यातली दहा मिनिटे चोरली आणि एकदा मीच तो चादरींच्या कपाटात ठेवून तीन आठवडे विसरून गेले. ही माहिती सुरुवातीलाच द्यावीशी वाटते, कारण या वस्तूविषयी जे अभिप्राय वाचून मी ती विकत घेतली, ते बहुतेक सगळे अशा घरांतून आलेले होते जिथे एका मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता, उतावळेपणा आवरणे अवघड जाणारी, लहानपणापासूनची अवस्था) आहे आणि त्या मुलाच्या पाठीशी वेळेचे पक्के भान असलेले एक मोठे माणूस उभे आहे. आमच्याकडे बारा वर्षांच्या मुलाला एडीएचडी आहे, आठ वर्षांच्या मुलीला आहे आणि मलाही आहे. माझ्या पतींना नाही, पण कामानिमित्त ते आठवड्यातले चार दिवस बाहेर असतात. त्यामुळे टायमर लावण्याचे काम जिच्याकडे येते, तिलाच त्याची गरज सर्वांत जास्त आहे. अशा घरात ही वस्तू कितपत चालते, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी येथे देणार आहे.

असे घर फार विरळा असते, असे कोणी समजू नये. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांवरून तो सुमारे ७४ टक्के धरला जातो. म्हणजे या लक्षणांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा बराच मोठा भाग जनुकांमधल्या फरकांशी जोडलेला आहे. एका मुलाचे निदान झाले की जाणते डॉक्टर भावंडांची आणि आईवडिलांचीही चौकशी करतात, ती यामुळेच. मुलाच्या निदानासाठी दिलेली प्रश्नावली भरताना मी एक अख्खे पान गाळले, नंतर ते भरले आणि मग भरलेली प्रश्नावली घरीच ठेवून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी मुलाकडून नजर माझ्याकडे वळवली, ती त्याच दिवशी. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार सतरा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीसाठी दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच पुरतात (मुलांसाठी सहा लागतात), परंतु त्यांतली काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. पुरावा म्हणून माझी शाळेतली प्रगतिपुस्तके शोधावी लागली. सुदैवाने ती माझ्याकडे नव्हती, आईकडे होती. प्रत्येकावर शेरा साधारण एकच होता: हुशार आहे, लक्ष देत नाही.

आता वस्तूकडे वळते. हा वीतभर रुंदीचा चौकोनी टायमर आहे. पांढऱ्या पाटीवर शून्य ते साठपर्यंतचे आकडे असून मध्ये एक खुंटी आहे. खुंटी फिरवली की आकड्यांच्या आत निळी तबकडी पाकळीसारखी उघडते, आणि वेळ सरत जातो तशी ती मिटत जाते. वीस मिनिटे म्हणजे वर्तुळाचा एकतृतीयांश भाग निळा. दहा मिनिटांनी त्याच्या निम्मा. शेवटी निळी रेघ उरते, तीही जाते आणि घंटी वाजते. मागे सेलची जागा आणि घंटी बंद करण्याचे बटण आहे. पडदा नाही, इंटरनेट नाही, अ‍ॅप नाही. किमतीच्या मानाने हातात अगदीच हलका लागतो आणि पेटी उघडल्यावर पहिला विचार मनात आला तो हाच, की एवढ्याशा प्लास्टिकला एवढे पैसे कशाचे.

पैसे कशाचे, ते पहिल्याच आठवड्यात समजले. एडीएचडी असलेल्या माणसाला घड्याळ वाचता येत नाही, असे नसते. माझा मुलगा सेकंदांसह वेळ सांगतो. अडचण अशी असते की 'साडेसात वाजले आहेत' या वाक्यातून 'निघायला अकरा मिनिटे उरली आहेत आणि मोजे अजून सापडलेले नाहीत' हा अर्थ आपोआप निघत नाही. त्यासाठी मनात वजाबाकी करावी लागते, तिचे उत्तर धरून ठेवावे लागते आणि ते धरून ठेवत असतानाच मोजे शोधावे लागतात. हे धरून ठेवण्याचे काम ज्या कार्यस्मृतीचे, तीच आमच्याकडे तोकडी आहे. रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षे मांडत आले आहेत, की एडीएचडीत अडते ते ज्ञानापाशी नव्हे, ज्ञान ऐन वेळी वापरण्यापाशी; म्हणून जी मदत द्यायची ती काम जिथे आणि जेव्हा घडते, तिथेच आणि तेव्हाच डोळ्यांसमोर असली पाहिजे. मिटणारी निळी तबकडी ही त्या विचाराची अगदी साधी अंमलबजावणी आहे. ती वजाबाकी करून दाखवते आणि उत्तर विसरत नाही.

फोनमध्ये टायमर फुकट असताना हा कशाला, असे मला तिघांनी विचारले. तिघांनाही एडीएचडी नाही. फोनमधला टायमर लावायला मी फोन हातात घेते, तेव्हा त्यावर कोणाचा तरी निरोप आलेला असतो. निरोप वाचता वाचता एका बिलाची आठवण होते, बिल भरायला गेले की पासवर्ड आठवत नाही, आणि पाऊण तासाने नवा पासवर्ड तयार झालेला असतो, टायमर मात्र लागलेलाच नसतो. फोनचा दुसरा दोष असा की त्याचा पडदा विझतो. वेळ दिसेनाशी झाली की आमच्यापुरती ती उरतच नाही. या टायमरचा पडदा विझत नाही, कारण त्याला पडदाच नाही, आणि त्याला एकच गोष्ट करता येते. आमच्यासारख्या घरात वस्तूला एकच गोष्ट करता येणे हा मोठा गुण आहे.

गृहपाठाच्या वेळी काय झाले, ते जरा सविस्तर सांगते. पहिल्या दिवशी मी टायमर मुलाच्या वहीसमोर ठेवला आणि वीस मिनिटे लावली. त्या वीस मिनिटांत त्याने गणिताचे एकही उदाहरण सोडवले नाही. तबकडी खरोखर हलते का, हे तो टक लावून पाहत होता आणि शेवटी हलते असे त्याने मला खात्रीने सांगितले. दुसऱ्या दिवसापासून टायमर टेबलाच्या डाव्या कडेला, मान वळवल्याशिवाय दिसणार नाही असा ठेवला. तेव्हा कुठे कामाला सुरुवात झाली. खरा फरक मात्र तिसऱ्या आठवड्यात पडला आणि तो माझ्या कल्पनेतला नव्हता. मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले, एक अंदाजाचा आणि एक प्रत्यक्षाचा. गणिताची पाच उदाहरणे: अंदाज ६० मिनिटे, प्रत्यक्षात १४. दप्तर भरणे: अंदाज १ मिनिट, प्रत्यक्षात १७. त्याच पानावर त्याने माझीही नोंद केली आहे. आईचे 'पाच मिनिटांत निघू या': २६.

हे पान मी जपून ठेवले आहे. जे काम नकोसे वाटते ते अफाट मोठे भासते आणि जे बिनमहत्त्वाचे वाटते त्याला वेळच लागत नाही असे भासते, ही आमच्या अंदाजांची तऱ्हा त्यात अक्षरशः आकड्यांत उतरली आहे. गणितासाठी तास जाणार या धास्तीने तो दीड तास टाळाटाळ करत असे. चौदा मिनिटांचे काम आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर टाळाटाळ संपली असे मी म्हणणार नाही, पण ती अर्ध्या तासावर आली. एवढे श्रेय मी या वस्तूला नि:संकोच देते.

मुलीची गोष्ट वेगळी आहे. तिची चंचलता दिसत नाही. ती शांत बसलेली असते आणि तिथे नसते. अशा मुलींचे निदान उशिरा होते, कारण त्यांचा वर्गात कोणाला त्रास नसतो. तिचे झाले तेही भावाचे आधी झाले होते म्हणून. ती चित्र काढायला बसली की तासन् तास उठत नाही, आणि एडीएचडी म्हणजे लक्ष न लागणे एवढेच ज्यांना ठाऊक आहे ते हे पाहून निदानावरच शंका घेतात. लक्ष असते, ते कुठे लावायचे आणि कुठून काढायचे, याचा लगाम हातात नसतो. तिच्यासाठी टायमरचा उपयोग काम सुरू करण्यापेक्षा थांबवण्यासाठी व्हावा, अशी माझी अपेक्षा होती. येथे वस्तूची मर्यादा उघडी पडली. घंटी एकाच पट्टीत वाजते, आवाज कमीजास्त करण्याची सोय नाही, आणि तो कर्कश आहे. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा मुलगी इतकी दचकली की ब्रश कागदावर आडवा गेला, चित्र बिघडले आणि संध्याकाळ रडण्यात गेली. घंटी बंद केली तर तबकडी नि:शब्द मिटते आणि कोणालाच कळत नाही. एका रविवारी मी दुरुस्तीसाठी पंखा उघडून बसले होते, मुलगा वाचत होता, मुलगी रंगवत होती आणि टायमर तिघांच्या मधोमध होता. भानावर आलो तेव्हा तबकडी मिटून सव्वा तास उलटला होता. मुलगी म्हणाली, "आई, निळं संपलं तरी आपण अजून इथेच आहोत." तिच्या बाबतीत आता आमची रीत अशी आहे, की निळी पाकळी बोटभर उरली की मी किंवा दादा जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तिला तबकडी दाखवतो. म्हणजे शेवटी माणूस लागतोच. माणसाला आठवण राहिली तर.

ही शेवटची अटच या परीक्षणाचा गाभा आहे. टायमरसोबत एक बारीकशी पुस्तिका येते. तिच्यात दिवसाचे सहा टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला पालकाने टायमर लावावा, मुलाला दोन मिनिटे आधी सूचना द्यावी, टप्पा पुरा झाल्यावर तक्त्यावर खूण करावी आणि आठवड्याच्या शेवटी खुणा मोजून बक्षीस द्यावे, असा कार्यक्रम दिला आहे. पद्धत चुकीची नाही. ताबडतोब मिळणारे लहान बक्षीस आणि ठरलेला क्रम हे एडीएचडीच्या पालक-प्रशिक्षणातले जुने, तावून सुलाखून निघालेले उपाय आहेत. पण हा कार्यक्रम चालवायला जी माणसे लागतात ती आमच्या घरात नाहीत. तक्ता चौथ्या दिवशी कोरा राहिला. सातव्या दिवशी पेन सापडेना. दहाव्या दिवशी मुलाने बक्षीस मागितले तेव्हा काय कबूल केले होते ते मलाच आठवेना आणि त्याला आठवत होते ते माझ्या समजुतीपेक्षा बरेच मोठे होते. हा केवळ माझा आळस म्हणावा तर तसेही नाही. ज्या आईलाच एडीएचडीची ठळक लक्षणे आहेत तिच्या मुलाला पालक-प्रशिक्षणाचा लाभ बराच कमी होतो, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसून आले होते. वीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट माहीत असताना पुस्तिका अजूनही असे गृहीत धरते, की तक्ता भरणारा हात कधी चुकणार नाही.

म्हणून मी वस्तूचे गुणदोष एकाच कसोटीवर पाहते: चालवणारा विसरला तर ती काय करते? या कसोटीवर टायमरचा सर्वांत मोठा दोष असा, की तो आपण होऊन सुरू होत नाही. रोज सात वाजता पस्तीस मिनिटे लावून घे, असे त्याला सांगून ठेवता येत नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी खुंटी फिरवली पाहिजे, आणि ती फिरवण्याची आठवण ठेवणे हेच तर आमचे दुखणे. मी बरेच दिवस यावर चरफडले आणि शेवटी एक साधी युक्ती सापडली, ती जशीच्या तशी देते. सकाळच्या गजराचे घड्याळ आम्ही टायमरच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवतो. गजर बंद करायचा तर टायमर उचलून बाजूला करावाच लागतो. हातात आलाच आहे तर खुंटी फिरवली जाते. गेल्या पाच महिन्यांत सकाळचा टायमर फार थोड्या वेळा चुकला आहे. उत्पादकांनी टायमरच्याच पोटात एक गजर बसवला असता तर ही कसरत करावी लागली नसती.

सकाळ आणि संध्याकाळ या दोन वेळांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ज्यांच्या घरी एकाहून अधिक जण औषध घेतात त्यांना ती पटेल. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीवर सर्वाधिक वापरले जाणारे औषध. त्याची साधी गोळी साधारण चार तास काम करते. दीर्घकाळ चालणारे प्रकार आठ ते बारा तास. गोळी घेतल्यापासून परिणाम सुरू होईपर्यंतही वेळ जातो. मुलाची गोळी सकाळी आणि माझीही सकाळी, म्हणजे शाळेची बस गाठण्याच्या धांदलीत दोघांचेही औषध अजून लागू झालेले नसते, आणि संध्याकाळी गृहपाठ संपवून झोपायच्या तयारीला लागताना दोघांचाही परिणाम ओसरत आलेला असतो. त्याची चिडचिड वाढते ती नेमकी माझा संयम संपतो त्या वेळी. दिवसभरातली जी सर्वांत अवघड दोन तासांची पट्टी, तिच्यात आमच्या घरी कोणाचेच औषध कामावर नसते. या वेळांचा विचार आम्ही पुढे डॉक्टरांशी बोलून वेगळ्या प्रकारे केला, तो भाग येथे नको. पण त्या पट्टीत जी वस्तू न चिडता, न ओरडता, आवाज न चढवता 'एवढाच वेळ उरला आहे' असे दाखवत राहते, तिची किंमत मला कळते. पूर्वी दर तीन मिनिटांनी "आवर, आवर" असे मी म्हणत असे. आता तबकडीकडे बोट दाखवते. माझ्या तोंडून जाणारी निम्मी वाक्ये कमी झाली, आणि भांडणे वाक्यांपासूनच सुरू होत असल्याने भांडणेही.

हरवण्याविषयी. महत्त्वाच्या वस्तू वारंवार हरवणे हे दुर्लक्षाच्या त्या नऊ लक्षणांपैकीच एक लक्षण आहे. तेव्हा एडीएचडी असलेल्यांसाठी म्हणून विकली जाणारी वस्तू सुटी, हलकी आणि भिंतीसारख्याच पांढऱ्या रंगाची का बनवावी, हे मला आजवर समजलेले नाही. मागे अडकवण्याचे भोक नाही, चुंबक नाही, दोरीसाठी कडी नाही. पहिल्यांदा हरवला तो सोफ्याच्या फटीत, दुसऱ्यांदा मुलाच्या दप्तरात शाळेत जाऊन आला, तिसऱ्यांदा न्हाणीघराच्या खिडकीत आणि चौथ्यांदा त्या चादरींच्या कपाटात, तेही माझ्याच हातून, हरवू नये म्हणून सुरक्षित जागी ठेवताना. त्यानंतर आम्ही त्याच्या पाठीला कडी चिकटवली आणि जाड दोरीने तो टेबलाच्या पायाला बांधला. बँकेत पेन बांधलेले असते तसा. पाहुणे हसतात, हसू देत.

दहा मिनिटांच्या चोरीचा किस्साही येथेच सांगते, कारण तोही रचनेचाच दोष आहे. खुंटी चालू असताना कोणालाही कशीही फिरवता येते, कुलूप वगैरे काही नाही. मुलाने अभ्यासाच्या वेळी मी आत गेल्याचे पाहून तबकडी दहा मिनिटांइतकी मिटवली आणि नंतर खेळाच्या वेळी तेवढीच उघडली. दुसऱ्या एखाद्या घरी आईला शंका आली असती. मला दिवसभर वाटत राहिले की आज वेळ किती पटापट जातो आहे. मुलीने चुगली केली नसती तर मला कधीच कळले नसते. मी रागावले, पण मनातल्या मनात या गोष्टीचे कौतुकही वाटले, कारण वेळ ही हलवता येण्यासारखी, साठवता येण्यासारखी एक ठोस चीज आहे, हे ज्या मुलाला कालपर्यंत उमगत नव्हते, त्याने आज ती चोरली होती.

भावंडांची भांडणे टायमरने वाढवली की कमी केली, याचा हिशेब बरोबरीत सुटतो. एकाच टायमरवर दोघांच्या वेगवेगळ्या वेळा मावत नाहीत आणि खुंटी कोणी फिरवायची यावरून सुरुवातीचे दोन महिने रोज कटकट झाली. दुसरा टायमर घेतल्यावर ती थांबली. म्हणजे एकाहून अधिक मुले असतील तर खर्च दुप्पट धरूनच चालावे.

माझ्या स्वतःच्या वापराबद्दल अभिप्राय देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण पेटीवर हसऱ्या लहान मुलाचे चित्र आहे. पण या घरात टायमरचा सर्वांत चांगला उपयोग मला झाला आहे. कचेरीचे काम घरून करायचे असते तेव्हा मी पंचवीस मिनिटे लावते आणि निळे संपेपर्यंत खुर्ची सोडत नाही. कपडे धुण्याचे यंत्र सुरू केले की टायमर हातात घेऊनच यंत्रापासून दूर जाते. पूर्वी ओले कपडे यंत्रात रात्रभर राहून कुबट वास सुटे आणि ते पुन्हा धुवावे लागत. मुलांनी मला टायमर लावताना पाहिले, याचा परिणाम पुस्तिकेतल्या सगळ्या तक्त्यांहून मोठा झाला. तो शिक्षेचा यंत्रमानव न राहता घरातल्या चष्म्यासारखा झाला: ज्याला लागतो त्याने लावायचा. सुट्टीत आलेले माझे वडील पहिल्या दिवशी या निळ्या तबकडीची थट्टा करत होते. चौथ्या दिवशी ते बागेला पाणी घालायला टायमर घेऊन निघालेले मला दिसले. त्यांचे निदान झालेले नाही आणि आता ते करून घेणारही नाहीत. मी काही बोलले नाही.

पेटीवरच्या एका दाव्याला मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. 'एडीएचडीवर प्रभावी' असे तेथे ठळक अक्षरांत छापले आहे. एडीएचडीवर प्रभावी असणे ही औषधाविषयी किंवा उपचारपद्धतीविषयी करायची भाषा आहे. त्यासाठी चाचण्या लागतात, तुलनेचा गट लागतो. हा टायमर चष्म्याच्या काचेसारखा नाही, चष्म्याच्या दोरीसारखा आहे. त्याने माझ्या मुलाचा उतावळेपणा कमी झालेला नाही, मुलीचे हरवलेले लक्ष वर्गात परत आलेले नाही आणि माझी विसराळू वृत्ती तर कपाटाच्या प्रकरणावरून दिसतेच आहे. निदान आणि उपचार पुढे ढकलून कोणी हा टायमर घेऊन बघू या असे म्हणत असेल, तर त्याने तो घेऊ नये.

टिकाऊपणा मध्यम. दुसऱ्यांदा पडल्यावर खुंटी सैल झाली आणि तेव्हापासून पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ लावला तर तबकडी अडखळते. साठ मिनिटांवर तो दोनेक मिनिटे इकडेतिकडे जातो, त्याचे काही वाटत नाही. सेल पाच-सहा महिने पुरतो. संपत आल्याची सूचना मिळत नाही, तबकडी नुसती मंदावते, आणि एका सकाळी वेळ इतकी संथ चालली होती की आम्ही तिघेही निवांत आवरत होतो आणि बस गेली. टकटक हलकी आहे, मुलीला रात्री ती सहन होत नाही, मुलाला तिच्यामुळे झोप लागते. खुंटीबद्दल विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा उत्तर आले, की खरेदीपासून तीस दिवसांत वॉरंटीचे कार्ड भरून पाठवले असेल आणि मूळ पेटी व पावती जपून ठेवली असेल, तरच बदलून मिळेल. ही अट वाचून मी मनापासून हसले. ज्यांच्यासाठी वस्तू बनवली त्यांच्यापैकी एकाच्याही घरी तीन महिन्यांनी ती पेटी सापडेल का, हे अट लिहिणाऱ्याने विचारात घेतलेले दिसत नाही.

तरीही आमच्या घरी आता असे दोन टायमर आहेत आणि तिसरा मागवला आहे, तो माझ्या टेबलासाठी. ज्यांच्या घरी एकाच मुलाला एडीएचडी आहे आणि चालवणारे माणूस स्थिर आहे, त्यांनी तो डोळे झाकून घ्यावा, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वापरावा, त्यांना आमच्यापेक्षा अधिक गुण येईल. आमच्यासारख्यांनी पुस्तिका बाजूला ठेवावी, मोठ्या आकाराचा टायमर घ्यावा, कारण लहान खिशात जातो आणि खिशातून पुढे कुठे जातो ते कळत नाही, गजराचे घड्याळ त्याच्या मागे ठेवावे आणि पहिल्याच दिवशी, पेटी उघडली त्या क्षणी, वॉरंटीचे कार्ड भरून टाकावे. सेल पेटीत येतो. दोरी येत नाही. ती आधी आणून ठेवावी.